‘फॅरनहाइट ४५१’ : काडी लागण्याच्या आधीची गोष्ट

रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) म्हणजे पुस्तकं जाळणाऱ्या सरकारची कादंबरी, असं तुम्ही ऐकलं असेल. गाय मॉन्टॅग त्यातला फायरमन. तक्रार आली की लपवलेली पुस्तकं शोधून, प्रसंगी घरासकट, जाळायची हे त्याचं काम. पुढे तोच चोरून वाचायला लागतो. गोष्ट एवढीच सांगते, कारण मला तुम्हाला मधला एक प्रसंग दाखवायचाय.

मॉन्टॅग आजारी म्हणून कामावर जात नाही, तेव्हा त्याचा साहेब, कॅप्टन बीटी, घरी येऊन त्याला खात्याचा इतिहास ऐकवतो. हा भाग दोनदा वाचा. बीटी म्हणतो, बंदी वरून आलीच नाही. आधी अभिजात पुस्तकांचे पंधरा मिनिटांचे रेडिओ कार्यक्रम झाले, मग दोन मिनिटांत संपणारा मजकूर, मग शब्दकोशातल्या दहा-बारा ओळी. कुणी दुखावू नये म्हणून जे उरलं तेही गुळगुळीत केलं गेलं. लोकांचं वाचन सुटलं. फायरमन आले ते सगळ्यात शेवटी.

नुसतं अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून संदर्भ टाकणाऱ्यांना हे टोचायला हवं. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये निष्कर्ष मिळतो. नमुना किती लहान होता, कुठली मोजणी वगळली, लेखकांना स्वतःलाच कशाची खात्री नव्हती, हे आतल्या पानांत असतं.

पण बीटीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ‘हे लोकांनाच हवं होतं’ हा इतिहास सत्तेच्या फारच सोयीचा आहे, आणि तो सांगणारा सत्तेचा पगारी माणूस आहे. शिवाय कादंबरीत पुस्तकांतली वाक्यं सर्वांत सराईतपणे फेकतो तो हाच. म्हणजे वाचन संपलेलं नाही, ते काहींच्याच हातात राहिलंय. ब्रॅडबरी यावर थांबत नाही; थांबायला हवं होतं असं मला वाटतं.

या पुस्तकाचं स्वतःचं काय झालं, तेही ऐका. १९६७ साली प्रकाशक बॅलंटाइनने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि त्यात पंचाहत्तरहून जास्त ठिकाणी मजकूर बदलला. १९७३ पासून काही वर्षं तर हीच आवृत्ती विकली जात होती. ब्रॅडबरीला हे कळलं १९७९ मध्ये, मग मूळ मजकूर परत आला. एकही प्रत जाळावी लागली नाही! तेव्हा कुठली आवृत्ती वाचली, हे लिहून ठेवायची सवय आत्ताच लावा.

(शीर्षकातला आकडा साधारण २३३ अंश सेल्सिअस. कागद नेमका कधी पेटतो हे त्याच्या प्रकारावर, जाडीवर, ओलाव्यावर ठरतं. तो आकडा संदर्भ म्हणून देऊ नका.)

शेवट मात्र मला कमजोर वाटतो. निवृत्त प्राध्यापक फेबर मॉन्टॅगला सांगतो, की चांगला मजकूर पुरत नाही, तो पचवायला सवड हवी आणि त्यातून जे उमगेल तसं वागण्याची मोकळीक हवी. कादंबरीतला हा सर्वांत कसदार विचार. आणि शेवटी आपल्याला भेटतात शहराबाहेर, रुळांच्या आसपास राहणारी, पुस्तकं डोक्यात साठवून ठेवलेली माणसं. वाचून गलबलतं, हे खरं. पण त्यांच्यातला एकही जण दुसऱ्याला ‘तुझ्या पुस्तकातलं हे मला पटत नाही’ असं म्हणताना दिसत नाही.