स्वभावामुळे कर्करोग होतो काय?

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे शब्द आपण शिक्षक सहज वापरतो. ही कल्पना मूळची युंग यांची. पण प्रश्नावलीच्या साहाय्याने स्वभाव मोजण्याची पद्धत रूढ करण्यात हान्स आयसेंक (1916–1997) यांचा मोठा वाटा होता. बर्लिनमध्ये जन्मलेले आयसेंक 1983 पर्यंत लंडनच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्री' या संस्थेत प्राध्यापक होते. मानसोपचारांनी रुग्ण खरोखर बरे होतात याला पुरावा काय, असा रोखठोक प्रश्न त्यांनी 1952 मध्ये विचारला. त्या प्रश्नामुळे या विषयाला शिस्त लागण्यास मदत झाली, हे मान्यच करायला हवे.

हाच प्रश्न त्यांच्या आरोग्यविषयक संशोधनाला विचारला तर काय दिसते? रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक यांच्यासह त्यांनी असा निष्कर्ष मांडला की, भावना दाबून ठेवणाऱ्या, चटकन हताश होणाऱ्या माणसांना कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे 120 पट असते. आता तुलना करू. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारणपणे 15 ते 30 पट वाढतो. म्हणजे स्वभाव हा सिगारेटपेक्षा कितीतरी घातक ठरला! धूम्रपान हेच कर्करोगाचे कारण आहे काय, अशी शंका आयसेंक अनेक वर्षे घेत होते आणि त्यांच्या संशोधनाला सिगारेट उद्योगाचा पैसा मिळत होता, हेही येथे लक्षात ठेवावे लागते.

दुसरा दावा याहून नवलाचा. 'रोगप्रवण' स्वभावाच्या 600 जणांना मार्गदर्शनपर पत्रक देण्यात आले. 13 वर्षांत त्यांपैकी 32 टक्के मरण पावले. पत्रक न मिळालेल्या 600 जणांत हेच प्रमाण 82 टक्के होते. हिशेब करा: एका पत्रकाने 300 जीव वाचले! असे औषध वैद्यकाच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

अँथनी पेलोसी आणि लुईस अॅपलबी यांनी 1992 मध्येच या आकड्यांवर जाहीर आक्षेप घेतले होते. पण किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी करून या जोडीचे 26 निबंध 'असुरक्षित', म्हणजे विसंबण्यास अयोग्य, ठरवले ते 2019 मध्ये. त्यानंतर नियतकालिकांनी त्यांतील अनेक निबंध मागे घेतले. तोवर आयसेंक यांच्या निधनाला 22 वर्षे झाली होती.

या दिरंगाईची किंमत कोणी मोजली? आमच्या मते, रुग्णांनी. 'मन मारून जगलात म्हणून हा रोग झाला', असे ऐकवले की आजाराच्या ओझ्यावर अपराधाचे ओझे चढते. आणि सिगारेट ओढणाऱ्याला 'माझा स्वभाव तसा नाही' ही पळवाट मिळते.

म्हणून एक सुचवतो. शास्त्रज्ञाचे नाव न सांगता ते पत्रकाचे आकडे फळ्यावर लिहा. पत्रक कोणाला द्यायचे हे कसे ठरवले? मृत्यूंची नोंद कोणी केली? दुसऱ्या कोणाला तोच निष्कर्ष मिळाला काय? हे प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. नाव नंतर सांगा.