‘परदेशी वापरकर्ते’ या रकान्यात काय लपतं?

लढाऊ विमानांवरच्या पुस्तकांत शेवटी एक तक्ता असतो, ‘परदेशी वापरकर्ते’. देश, विमानांची संख्या, वर्ष. माझी टीका या तक्त्यावर आहे. त्यातला एकेक आकडा खरा असेल. पण विमान का घेतलं आणि पुढे ते कोणाच्या जिवावर उडलं, हे त्यात कुठेच येत नाही.

उदाहरण घेऊ या इटलीच्या रेजिआने रे.२००० या विमानाचं. पहिलं उड्डाण मे १९३९. इटलीच्या हवाईदलानं ते नाकारलं आणि माकी सी.२०० पसंत केलं. पंखातल्या इंधनाच्या टाक्या हा मोठा आक्षेप होता. म्हणजे घरी नापास झालेलं विमान बाहेर गेलं. तक्त्यात लिहिलेलं असतं : स्वीडन ६०, हंगेरी ७०. वाचणाऱ्याला वाटतं, दोघंही सारखेच गिऱ्हाईक.

आता स्वीडनचं बघा. त्यांना हवी होती अमेरिकन विमानं. सेव्हर्स्की कंपनीकडे १२० मागवली, ६० पोचली, आणि १९४० मध्ये अमेरिकेनं उरलेली अडवून स्वतःकडे घेतली. पैसे तयार, माल नाही! मग इटलीकडे जावं लागलं. ही निवड नव्हती, अडचण होती. पुढे इंजिनानं त्रास दिला, तरी १९४५ पर्यंत ती विमानं चालवली.

हंगेरीनं मात्र बांधणीचा परवानाही घेतला. वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्रा बसवला, तर विमानाचा तोल बिघडला. देशाचे उपराज्यप्रमुख इश्तवान होर्ती २० ऑगस्ट १९४२ रोजी याच विमानाच्या अपघातात गेले. घरी बांधलेल्या आवृत्तीत त्यांनी नाकाडाची लांबी वाढवून तोल सावरला आणि स्वतःच्या कारखान्यातलं इंजिन बसवलं. गंमत अशी, की ते इंजिन आणि मूळचं इटालियन इंजिन, दोन्हींचं मूळ फ्रान्सच्या नोम-रोन कंपनीचं. मग ‘इटालियन विमान’ या शब्दांत नेमकं इटालियन किती?

आणखी एक देश तक्त्यात नसतोच, ब्रिटन. युद्ध सुरू झाल्यावर ३०० विमानांची बोलणी झाली होती. जर्मनीनं मोडता घातला, आणि १० जून १९४० रोजी इटलीच शत्रू म्हणून उभी राहिली. न झालेला सौदासुद्धा इतिहासच असतो.

बोईसरमध्ये हे का सांगतोय? तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९ च्या. जगाच्या तक्त्यात आपणही ‘परदेशी वापरकर्ते’च. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेत १९७८ चा कायदा झाला आणि समृद्ध युरेनियमचा पुरवठा अडला. १९८२ मध्ये फ्रान्सकडून सोय करावी लागली. भट्टी आपल्या जमिनीवर, चालवणारे आपले लोक, पण इंधनाचा नळ दुसऱ्याच्या हातात. विमान आणि भट्टी एकच नव्हेत, हे मान्य. गिऱ्हाइकाची गोची मात्र तीच.

स्वीडननं शेवटी काय केलं? स्वतःचं जे २२ विमान बांधलं. पोलादी नळ्या, प्लायवूड आणि अमेरिकन इंजिनाची परवान्याशिवाय केलेली नक्कल. १९४२ मध्ये ते उडालं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या ५४० मेगावॅटच्या, देशी आराखड्याच्या आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. अडवणुकीतून दोन्हीकडे शिकणं झालं. पण त्याला वर्षं लागली, आणि हंगेरीत माणसंही गेली.

म्हणून असा तक्ता दिसला की संख्येवर थांबू नका. तीन प्रश्न विचारा : सुटे भाग कोण देतं? बदल करायची मुभा आहे का? आणि पुरवठा कोण बंद करू शकतं? विकत घेणं एका सहीचं काम. मालकी त्यानंतर, हळूहळू कमवावी लागते.