साथीला बसलेले यंत्र

व्हायोलिनच्या मागे तीन-चारशे वर्षांची पुण्याई उभी असते. सॅक्सोफोनच्या मागे एक पेटंट. बेल्जियन कारागीर आदोल्फ साक्स याने ते १८४६ साली पॅरिसमध्ये घेतले. पुढे तिथल्या कॉन्झर्वातोआर या संगीतविद्यालयात त्याने स्वतः हे वाद्य शिकवलेही, पण १८७० साली तो वर्ग बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला १९४२ साल उजाडले. मधल्या काळात सॅक्सोफोन लष्करी बँडांत आणि नाचघरांत वाढला, जॅझमध्ये वयात आला. आपल्याकडे त्याला मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडांमधून गोव्याच्या वादकांनी रुजवले, आणि मनोहारी सिंग यांनी तो हिंदी सिनेमाच्या गाण्यांत असा खेळवला की दोन पिढ्यांच्या कानात सॅक्सोफोन म्हणजे तोच मखमली, जरासा नशेला आलेला आवाज.

गंभीर संगीताने इतकी वर्षे दारात उभे केले, याचा सॅक्सोफोनला पुढे फायदाच झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या युरोपीय संगीतकारांना जुन्या वळणापासून सुटायचे होते, त्यांना हे वाद्य जवळजवळ कोरे मिळाले. फ्रेंच वादक दानिएल किएन्झी याने १९८२ साली सॅक्सोफोनच्या बहुस्वरांचा, म्हणजे एकाच फुंकेत निघणाऱ्या दोन-तीन स्वरांच्या गुच्छांचा, एक कोशच छापला. कोणत्या चाव्या दाबल्या की कोणता गुच्छ निघतो, याची ती पद्धतशीर नोंद होती. त्या जोडीला जिभेने रीडवर मारलेला फटका होता, चाव्यांची कोरडी टकटक होती, स्वर न काढता नळीतून नुसती सोडलेली हवा होती. यातले निम्मे आवाज इतके बारीक की सभागृहाच्या तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाहीत. मायक्रोफोन आला आणि ते पोचू लागले. सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सोयरीक इथे जुळली.

‘लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स’ हा प्रकार सांगायला सोपा आहे. वादक वाजवतो, मायक्रोफोन तो आवाज संगणकात पाठवतो, तिथे त्याच क्षणी त्याचे काहीतरी केले जाते आणि तो स्पीकरमधून पुन्हा सभागृहात येतो. सगळा प्रश्न त्या ‘काहीतरी’चा आहे. आपण ख्यालाच्या मैफलीत पेटीवाल्याला ज्या कानाने पारखतो, त्याच कानाने मी हे संगीत ऐकतो. कोणी गायकाची प्रत्येक जागा निमूटपणे उचलतो, कोणी आधीच पुढे धावतो, कोणी नुसता भरणा करतो. आणि एखादाच असा भेटतो की त्याने धरलेल्या स्वरामुळे गायकाला वेगळीच वाट सुचते. गेल्या चाळीस वर्षांत सॅक्सोफोन आणि यंत्र यांच्यासाठी ढीगभर लिहिले गेले. त्यातला फार मोठा भाग भरण्यात मोडतो, हे माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो.

या प्रकाराचा एक मूळपुरुष अमेरिकन टेरी रायली. १९६३ साली पॅरिसमध्ये ट्रंपेटवादक चेट बेकर याच्याबरोबर काम करताना त्याच्या हाती एक युक्ती लागली. दोन टेपरेकॉर्डर अंतरावर ठेवायचे, एकच फीत दोघांतून ओवायची. पहिला रेकॉर्डर ध्वनी टिपतो, फीत दुसऱ्यापर्यंत पोचली की तोच ध्वनी ऐकू येतो आणि पुन्हा पहिल्यात शिरतो. पुढे रायलीने स्वतः सोप्रानो सॅक्सोफोन हातात घेतला आणि या यंत्रणेवर ‘पॉपी नोगुड अँड द फँटम बँड’ रचले. १९६९च्या ध्वनिमुद्रिकेवर ते आहे. एकटा माणूस वाजवतो आहे आणि त्याच्याच आधीच्या फुंकांचा जथा त्याच्या मागे चालतो आहे. आज पाचशे ग्रॅमच्या पेडलमध्ये हे सगळे मावते, पण त्या फितीची जराशी डुगडुग, प्रत्येक फेरीगणिक मळत जाणारा आवाज, हे पेडलमध्ये येत नाही. १९७० पासून रायली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा गंडाबंध म्हणावा असा शिष्य झाला. किराणा म्हटले की मिरज, अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, हिराबाई हे सारे मनात येणाऱ्या मराठी वाचकाला लगेच दुवा जोडावासा वाटेल. पण क्रम उलटा आहे: एकाच स्वराभोवती घोटाळत राहण्याची ओढ आधी, गुरू नंतर.

विद्यापीठांतल्या आणि सरकारी स्टुडिओंतल्या संगीतकारांनी मात्र आधी दुसरा रस्ता धरला. त्यांनी फीत आधीच पक्की करून ठेवली आणि वादकाला तिच्यासमोर उभे केले. मिल्टन बॅबिटचे ‘इमेजेस’ १९७९चे, ओरासिओ व्हाजोनेचे बास सॅक्सोफोनसाठीचे ‘थेमा’ १९८५चे, जाँ-क्लोद रिसेचे ‘व्हॉयलमाँ’ १९८७चे. शेवटची दोन किएन्झीच्या भरवशावर लिहिलेली. व्हाजोनेच्या रचनेत फितीवरचे कणाकणाचे ध्वनी सॅक्सोफोनच्या पोटातूनच निघाल्यासारखे वाटतात, ते कसब आजही थक्क करते. तरी वादकाची गोची उरतेच. फितीला दम लागत नाही आणि ती कुणासाठी थांबत नाही.

ही गोची झाकण्याऐवजी तिलाच विषय करणारा डच संगीतकार याकोब तेर फेल्डहाउस मला म्हणूनच आवडतो. त्याच्या ‘ग्रॅब इट!’ (१९९९) मध्ये टेनर सॅक्सोफोनसमोर अमेरिकेतल्या जन्मठेपेच्या कैद्यांचे बोलणे आहे, ‘स्केअर्ड स्ट्रेट!’ या माहितीपटातून उचललेले आणि तुकडे करून ठेक्यात बसवलेले. वादकाला त्या ओरडण्याच्या चढउताराशी स्वर न् स्वर जुळवून पळावे लागते. एक क्षण चुकला की मागे पडलात. तांत्रिक व्याख्येने हे ‘लाइव्ह’ नाही, साधी तयार फीत आहे. पण संगणकांचा थवा घेऊन येणाऱ्या कित्येक रचनांपेक्षा तिथे जास्त काही घडते, कारण वादक हरू शकतो हे श्रोत्याला दिसते.

फ्रेंच संगीतकार बूलेझ याचे १९८५चे ‘दियालोग द लोंब्र दुब्ल’ मुळात क्लॅरिनेटचे. व्हँसाँ दाव्हिद याने ते २००१ साली सॅक्सोफोनवर आणले आणि वादकांनी ते हौसेने उचलले. मध्यभागी वादक, भोवती स्पीकर, आणि त्याच वादकाने आधी मुद्रित केलेली त्याची सावली सभागृहात फिरते. प्रत्यक्ष आणि सावली आळीपाळीने बोलतात. रचना देखणी आहे यात वाद नाही. वाद आहे तो तिच्या वंशावळीशी. त्यानंतर सावल्यांचा सुकाळ झाला. सॅक्सोफोनचा स्वर चार सेकंदांनी मागून येतो, मग तुटतो, मग चुरा होऊन छतावर पसरतो, शेवटी लांब घुमाऱ्यात विरतो; वादक अर्धवट अंधारात, पायाखाली पेडल, प्रत्येक टप्प्याला पाऊल दाबून संगणकाला पुढचे पान उलटायला सांगणारा. महोत्सवांत अशा तीन रचना लागोपाठ ऐकल्या तर कोणती कुणाची हे सांगणे अवघड होते. घुमारा हे या क्षेत्रातले वनस्पती तूप झाले आहे.

पेडल दाबण्याची ही कसरत टाळायची तर यंत्रालाच ऐकता आले पाहिजे. पॅरिसच्या इर्काम या संस्थेत फिलिप मानूरी आणि गणिताच्या वाटेने आलेला मिलर पकेट यांनी ऐंशीच्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. मानूरीच्या १९८७च्या ‘जुपिटर’मध्ये संगणक बासरीचा माग काढत स्वरलिपीतली जागा ओळखत जातो. पकेटने तिथेच जन्माला घातलेला ‘मॅक्स’ हा प्रोग्रॅम आज या क्षेत्राची मातृभाषा आहे.

सॅक्सोफोनच्या बाबतीत या विचाराचे सर्वांत नितळ फळ म्हणजे इटालियन संगीतकार मार्को स्त्रोप्पा याची २००७ सालची ‘...ऑफ सायलेन्स’. तिच्यासाठी अर्शिया काँट याने ‘अँतेस्कोफो’ नावाची प्रणाली घडवायला घेतली. ती वादक स्वरलिपीत कुठे आहे एवढेच नाही, तर तो कोणत्या लयीत निघाला आहे याचाही अंदाज बांधते. वादकाने एक ओळ लांबवली तर यंत्र आपल्या वाट्याचे बोलणे तितके लांबवते. दुसरी गोष्ट स्पीकरांची. स्त्रोप्पाने ते श्रोत्यांभोवती पसरले नाहीत. एकावर एक रचून खांब केला आणि तो वादकासारखाच मंचावर उभा केला. त्याने स्वतःच या इलेक्ट्रॉनिक्सला चेंबर संगीताचे नाव दिले आहे. घुमाऱ्याचा समुद्र नाही, दोघांचे हळू आवाजातले संभाषण. आल्टो सॅक्सोफोनची अगदी दबलेली, रीड जेमतेम थरथरेल इतकी फुंक आणि खांबातून येणारा तितकाच दबलेला उच्छ्वास यांत कुठला कुणाचा, याची श्रोत्याला गंमत वाटू लागते. भिंती हलवणाऱ्या स्पीकरांच्या जमान्यात हा संयम मला धाडसाचा वाटतो.

तरीही मन पूर्ण भरत नाही. हे यंत्र फार आज्ञाधारक आहे. त्याला पुढचे सगळे पाठ आहे, फक्त केव्हा म्हणायचे तेवढे ते वादकाला विचारते. एडमंड कँपियनने २००१च्या ‘कोराइ’मध्ये टेनर सॅक्सोफोनला यापेक्षा मोकळी जागा दिली, एलेनी लिलिओस हिच्या सोप्रानोसाठीच्या ‘व्हेल्ड रेझोनन्स’मध्ये (२००८) स्वराच्या पोतावरची नजर तीक्ष्ण आहे. पण आज्ञा न पाळणारे, हट्टी, स्वतःचे काही म्हणणे असलेले यंत्र हवे तर स्वरलिपीच्या जगातून बाहेर पडावे लागते.

ते जॉर्ज लुईसने केव्हाच केले होते. लुईस स्वतः ट्रॉम्बोनवादक. १९८७च्या सुमारास त्याने ‘व्हॉयेजर’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो समोरच्याचे ऐकतो, पण त्याचेच अनुकरण करील अशी हमी देत नाही. कुणी वाजवले नाही तरी स्वतः वाजवत राहतो. १९९३च्या ध्वनिमुद्रिकेवर त्याच्यासमोर लुईसबरोबर रॉस्को मिचेल सॅक्सोफोन घेऊन उभा आहे. यंत्राचे आवाज आज खेळण्यातल्या कीबोर्डसारखे वाटतात, हे खरे. पण मिचेल एका वळणावर अडतो, ऐकतो, आणि मग मुद्दाम दुसरीकडे निघतो. तिथे जे होते त्याला मी साथ म्हणतो. हीच वाट पुढे लुईसकडे शिकलेल्या स्टीव्ह लेमनने इर्कामपर्यंत नेली. त्याच्या ‘एक्स माकिना’ (२०२३) मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय जॅझ वाद्यवृंद आहे, लेमनचा धारदार आल्टो आहे आणि जेरोम निका याची, आधी ऐकलेल्यातून नवे वाक्य जुळवणारी संगणकप्रणाली आहे. वृंदाच्या गर्दीत यंत्र कधी कधी पार बुडून जाते, हा माझा आक्षेप. जिथे ते वर येते तिथे मात्र पितळी वाद्यांच्या स्वरगुच्छांची आणि त्याची वीण सोडवता येत नाही.

इथून पुढे संगीतकार आणि वादक वेगळे उरत नाहीत, आणि मला वाटते या कलेचा खरा जीव इकडेच आहे. इंग्लंडच्या इव्हान पार्करने १९९२ साली आपला इलेक्ट्रो-अकूस्टिक वृंद उभारला. नाकाने श्वास घेत घेत गालातली हवा फुंकत राहण्याचे तंत्र आपल्या सनईवाल्यांना नवे नाही. पार्कर त्यावर सोप्रानो सॅक्सोफोनमधून न तुटणारे, तीन पातळ्यांवर एकदम धावणारे स्वरजाल विणतो. ‘टोवर्ड द मार्जिन्स’मध्ये (१९९७) ते जाळे वॉल्टर प्राती आणि मार्को वेक्की उचलतात, पालटतात आणि परत करतात. पार्कर मूळचाच इतका दाट वाजवतो की यंत्राला त्यात भर घालायला जागा कमी. म्हणून ही माणसे बरेचदा काढून घेतात. न वाजवण्याचे हे शहाणपण किती प्रोग्रॅमना शिकवता येईल?

जॉन बुचरचे उदाहरण याहून टोकाचे. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून हा गृहस्थ सॅक्सोफोनकडे वळला. २००३च्या ‘इन्व्हिजिबल इयर’मध्ये त्याने मायक्रोफोन वाद्याच्या इतका जवळ नेला आहे की फीडबॅक, म्हणजे सभेत माईक बिघडला की उठते ती शिट्टी, हाच त्याचा स्वर होतो. नळीची लांबी चाव्यांनी बदलली की शिट्टीची पट्टी बदलते. फुंकायचीही गरज नाही. सॅक्सोफोन इथे वाद्यापेक्षा एक बोळ आहे, ज्यात वीज घुमते. संगणक नाही, सावली नाही, घुमारा तर नाहीच.

आणि कॉलिन स्टेटसन तर लूपही वापरत नाही. त्याच्या ‘न्यू हिस्टरी वॉरफेअर’च्या दुसऱ्या भागात (२०११) बास सॅक्सोफोनभोवती वीसाहून जास्त मायक्रोफोन आहेत, एक थेट गळ्याला लावलेला. चाव्यांचा ठोका ढोलासारखा येतो, गळ्यातली गुणगुण वेगळ्या गायकासारखी. हे सगळे एकाच माणसाने एकाच दमात वाजवले, यावर आधी विश्वास बसत नाही. पुढच्या काही ध्वनिमुद्रिकांत मात्र तीच आरोळी, तीच दमछाक पुन्हा येते आणि चमत्काराची सवय होऊ लागते. त्यामानाने लिया बर्टुची फार दूरवर ऐकते. २०१९च्या ‘रेझोनंट फील्ड’साठी तिने बफेलो शहरातल्या धान्याच्या उंच, ओसाड कोठाराला आपले यंत्र मानले. कोठाराचा घुमारा आणि तिचे फितीवरचे काम यांच्या सांध्यावर बोट ठेवता येत नाही. घुमाऱ्याविरुद्ध मी वर जे बोललो, त्याला हा अपवाद, कारण इथला घुमारा एका जागेचा आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरच्या यादीतला नव्हे.

या वादक-संगीतकारांच्या बाजूने इतके बोलल्यावर त्यांची एक बाजू लंगडी आहे, तेही नोंदवायला हवे. पार्करचे संगीत पार्करबरोबर जाईल. दुसरा कोणी ते वाजवू शकत नाही, वाजवू नयेही. स्त्रोप्पाची रचना विद्यार्थ्याला शिकवता येते, चुकता येते, दहा जणांच्या हातून दहा तऱ्हांनी ऐकता येते. पण तिचेही आयुष्य संगणकाच्या मेहेरबानीवर. मानूरीचा ‘जुपिटर’ ज्या अवाढव्य ‘फोर-एक्स’ यंत्रावर जन्मला ते यंत्र केव्हाच भंगारात निघाले. रचना जिवंत राहिली, कारण संस्थेने पगारी माणसे बसवून ती नव्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा लिहवून घेतली. ज्या संगीतकारामागे अशी संस्था नाही, त्याची रचना संगणकाच्या एका अद्ययावतीकरणात मुकी होते. स्वरलिपी हातात असते, पण पहिल्या पानावर लिहिलेला प्रोग्रॅम उघडत नाही. म्हणूनच अलीकडे काही तरुण संगीतकार उलट हिशेब मांडतात: एक मायक्रोफोन, सॅक्सोफोनच्या तोंडात बसेल एवढा एक स्पीकर, आणि बाकी जे करायचे ते फुंकेने.