कमीत कमी दाबणारा पट्टा

हंगाम सुरू झाला की पिंपळीवरून बारामतीकडे निघा किंवा काटेवाडी-भवानीनगरकडे, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतातच. त्या भरतात माणसं. मोळी डोक्यावर घ्यायची, ट्रॉलीला टेकवलेल्या तिरप्या फळीवरून पाय रोवत चढायचं, वर गेल्यावर मानेच्या झटक्याने ती टाकायची आणि पुढच्या मोळीसाठी खाली यायचं. प्रत्येक चढणीला श्वास कोंडला जातो, पोट आवळलं जातं आणि आतला सगळा दाब पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेवर येतो. सुश्रुतसंहितेत अंत्रवृद्धीची, म्हणजे हर्नियाची, कारणं सांगताना ओझी वाहणं, आपल्यापेक्षा बलवान माणसाशी झुंजणं आणि झाडावरून पडणं यांचा उल्लेख आहे. त्या यादीत आज जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला कुंथावं लागणं आणि जन्मापासूनचा कच्चेपणा यांची भर पडली आहे. पण आमच्या भागात पहिलं कारण अजूनही पहिलंच आहे.

अशा माणसांच्या घरात, दाराआडच्या खुंटीवर, धोतराच्या किंवा टॉवेलच्या खाली एक पट्टा टांगलेला असतो. अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा पट्टा. तो पाहुण्यांसमोर येत नाही, त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. मला मात्र ही वस्तू सावकाश वाचण्याजोगी वाटते. एका पट्ट्याला चालत्या, वाकत्या, खोकणाऱ्या देहाशी दिवसभर जुळवून घ्यायचं असतं. हे ज्या रचनेला जमतं तिच्यामागे शरीराची फार चांगली जाण असावी लागते.

आधी ज्या जागेसाठी ही रचना आहे ती जागा पाहू. जांघेच्या वर, पोटाच्या भिंतीत, सुमारे 4 सेंटिमीटर लांबीचा एक तिरपा बोगदा असतो. पुरुषांत वृषणाकडे जाणाऱ्या शिरा आणि वीर्यनलिका त्यातून उतरतात. बोगद्याचं आतलं तोंड वर आणि बाहेरच्या बाजूला, तर बाहेरचं तोंड खाली, जांघेच्या मधल्या हाडाजवळ. या तिरपेपणातच निसर्गाने संरक्षण ठेवलं आहे. पोटातला दाब वाढला की बोगद्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींवर टेकतात, वरचे स्नायू आकसून खाली सरकतात आणि वाट मिटते. दाब ओसरला की सगळं पुन्हा सैल. ही व्यवस्था थकली की आतड्याचा किंवा चरबीच्या पडद्याचा भाग त्या वाटेने बाहेर येतो, आणि लोक म्हणतात, ‘गोळा उतरला’.

आता पट्ट्यापुढचा पेच पाहा. उभ्याने जोरात खोकलं की पोटातला दाब क्षणभर पाऱ्याच्या 100 मिलिमीटरच्या घरात जातो. उलट, कातडीतल्या बारीक केशवाहिन्यांमधला दाब जेमतेम 30-32 मिलिमीटर. त्याहून जास्त दाब एकाच जागी तासन्‌तास राहिला तर तिथलं रक्त अडतं, कातडी लाल होते, सोलवटते, चिघळते. म्हणजे पट्ट्याला खोकल्याच्या क्षणी भक्कम उभं राहायचं आहे आणि बाकीचा सगळा वेळ अंगावर जवळजवळ नसल्यासारखं असायचं आहे. पट्टा चांगला की वाईट, हे या एका कसोटीवर ठरतं.

बहुतेक स्वस्त पट्टे इथेच हुकतात. ते संपूर्ण इलॅस्टिकचे असतात. इलॅस्टिक दिवसभर सारखंच आवळत राहतं, आणि ज्या क्षणी ताठ राहायला हवं नेमकं त्याच क्षणी ताणलं जाऊन माघार घेतं. जाणत्याने बांधलेल्या पट्ट्यात मुख्य फीत न ताणणारी, निवारीसारख्या घट्ट विणीची असते. इलॅस्टिकचा तुकडा असलाच तर कुल्ह्यामागे, चालताना कंबर मोकळी राहावी एवढाच. ही फीत गादीला जागेवर फक्त टेकवून ठेवते. खोकला आला, आतून धक्का बसला, की गादी हलत नाही आणि धक्क्याएवढाच अटकाव आपोआप तयार होतो. धक्का गेला की अटकावही संपतो. आमच्याकडे रात्री उसाला दारं धरणाऱ्याला हे समजवावं लागणार नाही. सरीचं तोंड बुजवायचं तर तो भगदाडात ढेकूळ कोंबत बसत नाही. कोंबलेल्या ढेकळाच्या कडेने पाणी माती खातं आणि भगदाड वाढतं. तो खोऱ्याभर चिखल तोंडावर रुंद पसरतो, पायाने थापतो आणि पुढच्या सरीला जातो.

गादीचा आकार याच न्यायाने ठरतो. बोरासारखी फुगीर, टणक गादी पाहिली की ती नेमकी छिद्रावर बसेल असं वाटतं. पण ती छिद्रात शिरू पाहते आणि कडा आणखी विलग करते. चांगली गादी बरीचशी सपाट, अगदी किंचित उठाव असलेली आणि बोगद्याच्या दिशेने तिरपी लांबट असते. ती भोक बुजवत नाही, भिंतींना एकमेकींवर टेकायला मदत करते. दुसरी चूक जागेची. फुगवटा खाली दिसतो म्हणून माणूस गादी खाली बसवतो. मग ती हाडावर टेकते, मधल्या शिरा चिरडते आणि वरचं खरं दार उघडंच राहतं. गादीचं वजन वरच्या, आतल्या तोंडावर हवं. तान्ह्या बाळाच्या बेंबीवर नाणं बांधण्याच्या जुन्या रिवाजातही हीच चूक आहे. बाळाची बेंबी बहुधा पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटते; नाण्याने कातडी मात्र चिघळते.

पट्ट्याची वाट कंबरेवरून जाता कामा नये, हा या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय. कंबर जेवणाआधी वेगळी, जेवणानंतर वेगळी; उभ्याने वेगळी, बसल्यावर वेगळी. म्हणून जाणकार माप घेतो ते कुल्ह्याच्या हाडाची वरची कड आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा यांच्या मधून. तिथे खाली हाड आहे, आणि ते भाकरीने फुगत नाही की उपवासाने ओसरत नाही. बदलत्या देहात न बदलणारी रेघ शोधायची आणि तिच्यावर सगळा भार टाकायचा, ही खरी कारागिरी.

जुळवून घेण्याची सोय म्हणजे ‘ॲडजस्टेबल’पणा. दुकानात या शब्दाचा अर्थ लांबी कमी-जास्त करता येणं एवढाच घेतला जातो. पूर्ण अर्थाने तिथे चार गोष्टी हव्यात: घेर बदलता यावा, गादी वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकावी, तिचा कल फिरावा, आणि तिची जाडी आतल्या चकत्या काढून-घालून कमी-अधिक करता यावी. यातली कलाची गोष्ट सर्वांत अवघड. 1806 च्या सुमारास इंग्लंडमध्ये आलेल्या सॅल्मन आणि ओडी यांच्या पट्ट्यात तिचं सुंदर उत्तर सापडतं. तिथे पोलादी कमान दुखऱ्या बाजूने न येता निरोगी बाजूने अंगाला वळसा घालते. एक टोक पाठीच्या खालच्या सपाट हाडावर, दुसरं जांघेतल्या गादीवर, आणि टोकाला गोळा-वाटीचा सांधा, खांद्याच्या सांध्यात असतो तसा. माणूस वाकला, वळला, एका पायावर भार दिला, तरी गादी स्वतः फिरून अंगाला सपाट चिकटून राहते. कमान दोनच जागी टेकते, बाकी अंग मोकळं. दोनशे वर्षांपूर्वीची ही रचना आजच्या कितीतरी फोमच्या पट्ट्यांपेक्षा जास्त विचारी आहे.

पण ती खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होती. पट्टा बरोबर बसला की नाही हे पाहायला शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत एक परीक्षा सांगतात: खुर्चीच्या कडेवर पाय फाकून बसायचं आणि खोकायचं, गोळा उतरला नाही तर पट्टा पास. पिंपळीच्या माणसाची परीक्षा याहून कडक आहे. तो उकिडवा बसून खुरपतो, शौचाला उकिडवाच बसतो, मांडी घालून जेवतो. उकिडवं बसलं की जांघेची घडी मिटते, मांडी गादीला खालून वर ढकलते आणि पट्टा सुटून कंबरेवर चढतो. म्हणून मांडीखालून जाणारी जांघपट्टी इथे शोभेची नाही. तिच्यात गादी खाली धरून ठेवण्याइतपत ओढ हवी, पण चालताना कातडी कापेल इतकी नको. ती मऊ सुती, गोल शिवणीची आणि सुटी करून धुता येईल अशी असावी, कारण घाम, ओल आणि घाण तिच्याच वाट्याला सर्वांत जास्त येते. जोडीला बदली पट्टी हवीच.

एका पिंपळीकर वृद्धाचा वापरलेला पट्टा मी हातात घेऊन पाहिला आहे. बाहेरची वीण शाबूत होती. वेल्क्रोच्या आकड्यांमध्ये मात्र उसाच्या पाचटाची कुसळं आणि धोतराचा कापूस गच्च भरला होता, आणि ती बाजू आता चिकटत नव्हती. त्यांनी तिथे जाड दोऱ्याने पितळी बक्कल शिवून घेतलं होतं, पाठीवरच्या बॅगेला असतं तसं, आणि फितीवर शाईने दोन खुणा केल्या होत्या: एक रिकाम्या पोटाची, एक जेवणानंतरची. शेतात वेल्क्रो टिकत नाही आणि वाट हाडावरची असली तरी पुढच्या पोटाला दिवसातून दोन मापं लागतात, या दोन्ही गोष्टी त्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलेल्या होत्या. रचनाकाराने वाचावा असा याहून चांगला अभिप्राय मला माहीत नाही.

पोटाच्या मधल्या भागातला हर्निया, विशेषतः सिझेरियन किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या टाक्यांतून येणारा, वेगळी रचना मागतो. तिथे छोटी गादी कामाची नाही. आठ-दहा इंच रुंदीचा पट्टा, पुढे सपाट पडदा, आणि दोन्ही बाजूंनी मध्याकडे ओढणाऱ्या वेगळ्या फिती असाव्या लागतात. खालचा थर बसवायचा आणि वरच्या फितींनी ताण ठरवायचा. पोट जितकं पुढे सुटलेलं तितका भिंतीवरचा ताण जास्त, हा भौतिकशास्त्राचा नियम इथे सरळ लागू पडतो. म्हणून पोट किंचित आत घेणारा रुंद आधारही मोठं काम करतो.

या वस्तूची मर्यादा सांगितल्याशिवाय तिची कदर पुरी होत नाही. पट्टा हर्निया बरा करत नाही. तो सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, आडवं असतानाच, गोळा पूर्ण आत गेल्यावर बांधायचा. गोळा आत जात नसेल तर त्यावर पट्टा आवळणं धोक्याचं. मांडीच्या वरच्या टोकाला, घडीखाली येणारा हर्निया पट्ट्याला जुमानत नाही. आणि गोळा अचानक कडक झाला, दुखू लागला, आत जाईना, उलट्या झाल्या, वारा-शौच बंद झालं, तर एक तासही न थांबता रुग्णालय गाठायचं. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा वेळच सगळं ठरवते. त्रास नसलेल्या पुरुषांना लक्ष ठेवून थांबता येतं, हे 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यात आतडं अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षा कमी होतं. पण पुढे त्यांतल्या बहुतेकांनी दुखू लागल्यावर शस्त्रक्रिया करून घेतलीच.

शस्त्रक्रिया म्हणजे हाच आधार आत नेणं, असं मला वाटतं, आणि या प्रवासात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. अमेरिकेत लिक्टेन्स्टाइन यांनी 1980 च्या दशकात भिंत ताणून शिवण्याऐवजी जाळी लावण्याची पद्धत रूढ केली. ती जाळी खेड्यातल्या रुग्णाला परवडेना. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला काम करणाऱ्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून तेच काम करता येतं हे दाखवलं आणि सहकाऱ्यांसह 2003 मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत मांडलं. 2016 मध्ये युगांडातल्या 302 पुरुषांवरच्या काटेकोर चाचणीत स्वस्त आणि महागड्या जाळीत वर्षभराने उल्लेखनीय फरक आढळला नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी 2001 मध्ये आणखी वेगळी वाट सुचवली: जाळीच नको, रुग्णाच्याच पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पातळ पांढऱ्या पडद्याची पट्टी, तिची दोन्ही टोकं न तोडता, कच्च्या भिंतीवर शिवायची. ती स्नायूला जोडलेली असल्यामुळे खोकल्याबरोबर ताठ होते आणि नंतर सैल पडते. उत्तम पट्ट्याने बाहेरून जे साधायचं, ते या पट्टीला देहातच साधलं आहे.

म्हणून नवा पट्टा ज्याला रचायचा आहे त्याला माझं सांगणं आहे: आवळण्याची ताकद वाढवू नका. न ताणणारी फीत, हाडावरची वाट, सपाट फिरती गादी, धुता येणारी जांघपट्टी, वेल्क्रोऐवजी बक्कल आणि फितीवर जेवणाआधी-नंतरच्या खुणा, एवढं साधा. मग तो पट्टा ऐन हंगामात ट्रॉली भरणाऱ्या माणसाला बांधा, त्याला उकिडवं बसवा आणि खोकायला सांगा. गोळा खाली उतरला नाही आणि संध्याकाळी पट्टा काढल्यावर अंगावर वळ दिसला नाही, तर ती रचना उत्तम आहे. आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला, सहज वाचता येईल अशा ठळक मराठीत, रुग्णालय कधी गाठायचं ते छापा. आपलं काम कुठे संपतं हे सांगणारी वस्तूच माणसाच्या अंगावर राहायला लायक असते.