जोडनाव: लाड कुणाचा, जाच कुणाला?

आज चाहत्यांनी पाडलेल्या नावांबद्दल बोलू या. 'डीडीएलजे', 'दीपवीर', 'विरुष्का' असं काही कानावर पडलं की आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात. भाषा बिघडली म्हणतात. आम्हाला ही तक्रार पटत नाही. लांबलचक नाव आखडून लाडानं घ्यायची खोड मराठी वाचकाला जुनीच आहे. ग. दि. माडगूळकरांचे आपण 'गदिमा' केले, पु. ल. देशपांड्यांचे 'पुलं'. इंग्रजी अक्षरांचंही आपल्याला वावडं नव्हतं; गुरुनाथ आबाजी कुलकर्णी आपल्याला 'जीए' म्हणूनच जवळचे. मग १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चं 'डीडीएलजे' झालं, तर बिघडलं कुठे? गदिमांच्या चालीवर त्याचं 'दिदुलेजा' झालं असतं, एवढंच!

उलट, यातली काही नावं घडण म्हणून फार चांगली आहेत. 'विरुष्का' मोठ्यानं म्हणून बघा. विराटमधला 'विर', अनुष्कामधला 'उष्का'. 'र'ला उकार लागतो आणि सांधा दिसेनासा होतो, अगदी व्याकरणातल्या संधीसारखा. 'दीपवीर'ची जात वेगळी, ती समासाची. दीपिकातला दीप आणि रणवीरमधला वीर, दोन्ही तुकडे आपापल्या अर्थासकट शाबूत. कुणी शिकवलेलं नसताना लोकांना हे जमतं, याला दाद द्यायलाच हवी.

आमचा आक्षेप दुसरीकडे आहे. 'पुलं' या नावातही खरं तर दोन माणसं आहेत. 'पु' पुरुषोत्तमाचा, 'ल' वडिलांचा, म्हणजे लक्ष्मणरावांचा. पण पुलंचा एखादा लेख आवडला नाही, म्हणून आपण लक्ष्मणरावांना जाब विचारत नाही. हाक दोन नावांची असली, तरी हिशेब एकाच माणसाशी असतो.

'विरुष्का'चं तसं नाही. २६ मार्च २०१५, सिडनी. विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया. विराट कोहली एका धावेवर बाद झाला. अनुष्का शर्मा प्रेक्षकांत बसली होती. त्यानंतर समाजमाध्यमांवर शिव्यांचा भडिमार झाला तो तिच्यावर. दोघांचं लग्न २०१७ च्या डिसेंबरातलं, म्हणजे तेव्हा ते झालंही नव्हतं! पुढच्या वर्षी, मार्च २०१६ मध्ये, विराटला स्वतः जाहीरपणे अशा लोकांना फटकारावं लागलं.

हे सगळं एका शब्दामुळे झालं, असं आम्ही म्हणणार नाही. पुरुषाच्या अपयशाचं खापर बाईच्या डोक्यावर फोडायची सवय कुठल्याही जोडनावाहून जुनी आहे. पण जोडनाव त्या सवयीच्या सोयीचं असतं. दोन माणसांचं एकच खातं उघडलं, की कुणाची उधारी कुणाच्या नावावर मांडली हे बघतंय कोण? आणि नाव जितकं बेमालूम सांधलेलं, तितकं ते पुन्हा सोडवणं अवघड. 'दीपवीर'मध्ये निदान दोघं वेगळे ऐकू येतात.

म्हणून अशा नावांना आम्ही शुद्धलेखनाची कसोटी लावत नाही. नाव घेतल्यावर त्यातला प्रत्येक माणूस आपल्या कामासाठी वेगळा ओळखता येतो का, एवढंच बघतो. लग्नाच्या फोटोखाली 'विरुष्का' खुशाल लिहा. सामना हरल्यावर मात्र 'विराट बाद झाला' असंच म्हणा. खेळपट्टीवर तो एकटाच होता.