संगीत आणि विद्याशाखा : जोडपदवी अभ्यासक्रमांतील पूर्वप्रवेशाची चिकित्सा

संगीताची एक आणि कला वा विज्ञान शाखेची दुसरी, अशा दोन पदव्या पाच वर्षांत देणारे अभ्यासक्रम अमेरिकेतील काही विद्यापीठांत चालतात. ओबर्लिन महाविद्यालय १८३३ मध्ये स्थापन झाले; तेथील कॉन्झर्व्हेटरी १८६५ मध्ये निघाली व दोनच वर्षांनी महाविद्यालयात सामील झाली. १८५७ मध्ये स्थापन झालेली पीबॉडी ही संगीतसंस्था जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी १९७७ मध्ये जोडली गेली. बार्ड महाविद्यालयाने २००५ मध्ये कॉन्झर्व्हेटरी सुरू करताना तर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगीतेतर विषयातील दुसरी पदवी अनिवार्यच केली. कलावंताने केवळ कसबी राहू नये, ही या योजनेमागील धारणा आदरास पात्र आहे. प्रस्तुत लेखात चिकित्सा करावयाची आहे ती या अभ्यासक्रमांच्या आशयाची नव्हे, तर त्यांच्या प्रवेशद्वाराची. आणि त्यातही ‘अर्ली डिसिजन’ नावाच्या पूर्वप्रवेशाची.

या पद्धतीत विद्यार्थी साधारणतः नोव्हेंबरच्या आरंभी एकाच संस्थेकडे बंधनकारक अर्ज करतो. डिसेंबरच्या मध्यास निवड कळली की इतर सर्व अर्ज त्याने मागे घ्यावयाचे असतात. कॉन्झर्व्हेटरींच्या ऑडिशन मात्र बहुतांशी जानेवारी-फेब्रुवारीत होतात. म्हणजे एकाच विद्यार्थ्याला दोन घड्याळे सांभाळावी लागतात आणि ती जुळत नाहीत. शिवाय ओबर्लिनसारख्या ठिकाणी महाविद्यालय व कॉन्झर्व्हेटरी आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेतात. एकीकडे प्रवेश मिळून दुसरीकडे नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी विद्यार्थ्याने दिलेले वचन नेमके कशाशी बांधलेले असते? दोन्ही पदव्यांशी, की हाती आलेल्या एकीशी? याचे उत्तर संस्थेगणिक बदलते, आणि सतरा वर्षांच्या मुलाने ते नियमावलीच्या बारीक अक्षरांतून शोधून काढावे अशी अपेक्षा असते.

येथे एक मूलभूत विसंगती लक्षात घेतली पाहिजे. जोडपदवीकडे वळणारा विद्यार्थी बहुधा दोन ओढींपैकी एकही सोडावयास तयार नसतो. त्याचे अनिश्चित असणे हीच त्याची प्रामाणिक अवस्था असते. पूर्वप्रवेश नेमकी त्याच्याकडूनच निःशंक निष्ठेची मागणी करतो. अभ्यासक्रम म्हणतो, ‘दोन्ही घे’. अर्ज म्हणतो, ‘आत्ताच ठरव’.

एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउसर यांच्या ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ (२००३) या ग्रंथाचा आधार येथे घेणे अगत्याचे आहे. निवडक महाविद्यालयांत लवकर अर्ज करण्याचा लाभ एसएटी परीक्षेतील सुमारे १०० वा त्याहून अधिक गुणांइतका ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा लाभ ज्यांना नियम आधीपासून ठाऊक असतात त्यांच्याच पदरात पडतो. ग्रंथातील विवेचन सर्वसाधारण प्रवेशापुरते आहे. संगीताच्या बाबतीत ही विषमता अधिक तीव्र होते, असे मला वाटते. नोव्हेंबरमध्ये ध्वनिमुद्रण सादर करावयाचे तर बाखची रचना, अभिजात सोनाटा, एखादी एत्यूद हे सारे उन्हाळ्यातच सिद्ध असावे लागते. त्यासाठी खाजगी शिक्षक, साथीदार, बरे वाद्य आणि ध्वनिमुद्रणाची सोय हवी. घरी पियानो नसलेल्या मुलाला शाळेचा पियानो मिळतो तो बहुधा शाळा उघडल्यावरच.

गायकाचे प्रकरण तर निराळेच आहे. व्हायोलिन पाचव्या वर्षी हाती घेता येते; कंठ मात्र वयात आल्यानंतर बदलतो आणि विशीतही घडत असतो. सतराव्या वर्षीच्या स्वरावरून पाच वर्षांचा करार करणे हे वादकाच्या मापाने गायकाला मोजणे होय. पूर्वप्रवेशाच्या समर्थकांनी या भेदाकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

अर्थसाह्याचा प्रश्नही याच ओघात येतो. पुरेसे साह्य न मिळाल्यास वचनातून मोकळीक मागता येते, हे खरे. परंतु अन्य संस्थांचे देकार हाती नसताना ‘पुरेसे’ कशाच्या तुलनेत ठरवावयाचे? कॉन्झर्व्हेटरी गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात व त्यांत मोठी तफावत असते, म्हणून ही तुलना संगीताच्या विद्यार्थ्याला विशेष मोलाची आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये पूर्वप्रवेश बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा विषमतेचेच कारण पुढे केले होते. २०११ मध्ये दोघांनीही तो पुन्हा स्वीकारला. (हार्वर्डचा पूर्वप्रवेश बंधनकारक नव्हता, तरीही ही माघार बोलकी आहे.)

दोन विद्यांचा संगम घडण्यास संस्थेने विणलेली जोडपदवी आवश्यकच असते, असेही इतिहास सांगत नाही. पियानोवादक चार्ल्स रोझेन यांनी प्रिन्स्टनमध्ये फ्रेंच साहित्यात १९५१ साली डॉक्टरेट मिळविली. ‘द क्लासिकल स्टाइल’ (१९७१) हा त्यांचा ग्रंथ वादकाच्या बोटांतून आणि वाङ्मयाभ्यासकाच्या दृष्टीतून एकाच वेळी उतरलेला आहे. आपल्याकडे डॉ. प्रभा अत्रे यांनी विज्ञान व कायदा या दोन्हींच्या पदव्या घेतल्या, सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्याकडे तालीम घेतली आणि पुढे सरगमवर प्रबंध लिहिला. पं. भातखंडे वकील होते. या तिघांच्याही बाबतीत एक विद्या दुसरीला आपल्या वेळेने भेटली. अर्थात, ही असामान्य माणसे. त्यांच्यावरून सामान्य विद्यार्थ्यासाठी धोरण आखता येत नाही, आणि त्याला संस्थेचा आधार हवाच. तो आधार पाच वर्षांच्या मुदतीत आहे, दोन्हीकडच्या शिक्षकांच्या संवादात आहे. नोव्हेंबरच्या तारखेत तो नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभा दिली. प्रत्यक्ष वर्गांच्या बाबतीत दोहोंच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, ही अट. आपल्या महाविद्यालयांत सकाळी वाणिज्याचे वर्ग करून सायंकाळी विशारदची तयारी करणारे विद्यार्थी या मुभेच्या आधीपासूनच आहेत. त्यांच्यासाठी संगीताची पदवी औपचारिकपणे जोडावयाची झाल्यास वेळापत्रकाइतकाच प्रवेशाच्या वेळेचाही विचार करावा लागेल. पहिल्या वर्षाअखेर, शिक्षकाने विद्यार्थ्याला वर्षभर ऐकल्यानंतर, दुसऱ्या पदवीची नोंदणी करू देणे ही व्यवस्था अमेरिकेतील पूर्वप्रवेशापेक्षा आपल्या गुरुमुखी तालमीच्या रीतीशी अधिक सुसंगत ठरेल.