प्रौढांचे अध्ययन आणि परस्परसंबंध : प्रचलित उपपत्तींची एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्रौढ व्यक्ती कशी शिकते, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करणाऱ्या बहुतेक उपपत्ती पाश्चात्त्य विचारवंतांनी मांडल्या आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून त्या आपल्याकडे परिचित झाल्या. परंतु शिकणारा प्रौढ कोणासमोर शिकतो आणि शिकवणाऱ्याशी त्याचे नाते काय, हा प्रश्न त्यांपैकी काहींमध्ये दुय्यम राहिला आहे. सेनगावसारख्या शेतीवर अवलंबून असलेल्या तालुक्यात साक्षरतेचा वर्ग भरतो तेव्हा मात्र हाच प्रश्न प्रथम उभा राहतो. प्रस्तुत लेखात हिंगोली जिल्ह्याशी निगडित असलेल्या संत नामदेवांच्या कथेच्या आधारे या उपपत्तींची चिकित्सा केली आहे.

नोल्स यांची भूमिका :
माल्कम नोल्स यांनी १९७० मध्ये प्रौढांच्या शिक्षणाचे शास्त्र हे बालकांच्या शिक्षणशास्त्राहून वेगळे असल्याचे प्रतिपादन केले व त्यासाठी ‘अँड्रॅगॉजी’ ही संज्ञा रूढ केली. प्रौढ स्वयंनिर्देशित असतो, त्याचा अनुभव हे अध्ययनाचे साधन असते, त्याची शिकण्याची तयारी सामाजिक भूमिकांतून येते आणि त्याला तात्काळ उपयोगाचे ज्ञान हवे असते, ही त्यांची प्रमुख गृहीतके होत. १९८० च्या आवृत्तीत त्यांनी दोन्ही शास्त्रांमधील विरोध सौम्य केला. तथापि, या मांडणीचा केंद्रबिंदू व्यक्तीच राहिला. आपल्या गरजा स्वतः ठरवणारा, आपला वेळ स्वतःच्या हाती असणारा प्रौढ येथे गृहीत धरला आहे. सोयाबीनच्या काढणीत दिवस घालवून रात्री स्वयंपाक करणारी स्त्री या व्याख्येत कितपत बसते, याचा विचार व्हावयास हवा.

मेझिरो व फ्रेअरे :
जॅक मेझिरो यांनी १९७८ मध्ये परिवर्तनात्मक अध्ययनाची संकल्पना मांडली. पुन्हा महाविद्यालयात आलेल्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास तिच्या मुळाशी होता. जुन्या धारणा अपुऱ्या ठरवणारा पेचप्रसंग आल्याशिवाय प्रौढाची दृष्टी बदलत नाही, हा त्यांचा महत्त्वाचा सिद्धांत होय. मात्र या प्रक्रियेत त्यांनी विवेकनिष्ठ चिंतनावर अधिक भर दिला. अपमान, लाज आणि विश्वास यांना त्या प्रमाणात स्थान मिळाले नाही. पाउलो फ्रेअरे यांनी संवादाला केंद्रस्थानी आणले. शिक्षकही विद्यार्थी आणि विद्यार्थीही शिक्षक असावा, हा त्यांचा आग्रह नात्याच्या प्रश्नाला थेट भिडतो.

नामदेवांची कथा :
नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान आणि औंढा नागनाथ हे विसोबा खेचरांच्या उपदेशाचे स्थान, अशी परंपरा आहे. महिपतींच्या ‘भक्तविजय’सारख्या ग्रंथांतून ही कथा लोकमानसात रुजली. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाका संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून मडकी पक्की की कच्ची, हे पाहतात. इतर संत ते सहन करतात, नामदेव हरकत घेतात आणि कच्चे ठरतात. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे जातात व तेथून विसोबांकडे पाठवले जातात. ही कथा ऐतिहासिक पुरावा नव्हे, परंतु समाजाने जपलेली अध्ययनाची कल्पना तीत निश्चित आहे.

या कथेतून तीन बाबी निदर्शनास येतात. एक, नामदेवांचा भक्तीचा अनुभव हे साधन होते तसाच तो अडसरही होता. नोल्स यांचा भर साधनावर आहे. दोन, पेचप्रसंग निर्माण झाला तो एकांतातील चिंतनातून नव्हे, तर सहकाऱ्यांच्या सभेत, आणि तोही वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईंमुळे. तीन, थापटण्याखाली केवळ नामदेवांचे नव्हे, सर्वांचेच मस्तक होते. परीक्षा सर्वांना समान असल्यामुळे ती कठोर असूनही नाते तुटले नाही.

साक्षरता वर्गाच्या संदर्भात :
१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने नात्यांची शक्ती ओळखली होती. साक्षरता हा एकट्या व्यक्तीचा नव्हे, तर संपूर्ण गावाच्या गौरवाचा विषय ठरवला गेला. गौरव समारंभानंतर पाठपुरावा अपुरा पडला, ही तिची मर्यादा. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला ‘उल्लास’ नव भारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असून तो स्वयंसेवकांवर आधारलेला आहे. स्वयंसेवक म्हणून सून सासूला किंवा मुलगा आईला शिकवू लागतो, तेव्हा घरातील मानाची उतरंड उलटी होते. एरिक बर्न यांच्या व्यवहार विश्लेषणाच्या भाषेत सांगावयाचे तर, पालकाच्या भूमिकेतील व्यक्तीला बालकाच्या भूमिकेत बसवले जाते. अशा वेळी वर्गातील अनुपस्थितीला उदासीनता म्हणणे हा अन्याय ठरतो. कित्येकदा ते स्वतःचा मान राखणे असते.

शिवाय या वर्गात परीक्षा केवळ शिकणाऱ्याची होते. पायलीने धान्याचा आणि दिवसांच्या मोजणीने मजुरीचा हिशेब तोंडी करणाऱ्या स्त्रीकडून स्वयंसेवकाने काही शिकावे, अशी तरतूद झाली, तरच फ्रेअरे यांचा संवाद आणि गोरोबाकाकांची समान कसोटी प्रत्यक्षात येईल.

समारोप :
स्वयंनिर्देशन हे प्रौढ अध्ययनाचे गृहीतक न मानता फलित मानणे अधिक योग्य ठरेल. प्रौढ प्रथम कोणावर तरी विश्वास ठेवतो, त्याच्यासमोर आपले अज्ञान उघडे करतो आणि त्यानंतरच स्वतः शिकू लागतो. म्हणून स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात अक्षरओळखीच्या पद्धतींइतकेच स्थान नात्यांच्या जाणिवेला मिळणे आवश्यक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून विद्यार्थ्यांना गावात पाठवणाऱ्या महाविद्यालयांनी त्यांना शिकवण्याची तयारी द्यावी, तशीच शिकण्याचीही द्यावी. थापटणे हाती घेणाऱ्याने आपलेही मस्तक पुढे करावे, ही अपेक्षा या भूमीला नवीन नाही.